बाबांची पालकसभा

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

एखाद्याला त्याच्या भल्यासाठी फसवलं, तर ते फसवणंच राहतं का? पाच दिवस हा प्रश्न घेऊन फिरते आहे आणि मला त्याचं उत्तर देता येत नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून तू मला बॅरिस्टर म्हणतेस, पण इथे बॅरिस्टरची बोलती बंद आहे.

बाबांच्या बोटाचं तुला कळवलं होतं. छापखान्यात कटिंग मशीनचं पातं खाली आलं तेव्हा त्यांचा डावा हात वेळेवर मागे आला नाही आणि बोटाचं टोक गेलं. मालकांना दारूचा वास आला होता. त्यांनी कामावरून काढलं नाही, पण मशीनवरून उठवून गठ्ठे बांधायला बसवलं. बावीस वर्षं कागद कापणारा माणूस आता सुतळीला गाठी मारतो आणि घरी येऊन आणखी पितो. पुढच्या वेळी बोटावर भागणार नाही, याची मला धास्ती आहे.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर बुधवारी दारू सोडणाऱ्यांची सभा भरते, घरच्यांनाही येऊ देतात, असं कळलं. सरळ सांगितलं असतं तर बाबा आले नसते. म्हणून मी सांगितलं की आमच्या अध्यापक महाविद्यालयाने पालकांना बोलावलं आहे. आई गेली त्या दिवशीसुद्धा बाबा प्यायले होते, हे तू पाहिलंस. पण माझ्या पालकसभेला ते पिऊन आले, असं पहिलीपासून एकदाही झालं नाही. मी नेमकं तेच वापरलं.

त्यांनी अर्धी रजा टाकली, दाढी केली, शर्टाला इस्त्री केली. एवढ्या घोड्या झालेल्या मुलींच्या पालकांना कशाला बोलावतात, असं जिन्यात हसत म्हणाले. वर दहा-बारा खुर्च्या गोल मांडल्या होत्या. एका खुर्चीचा मोडका हात दोरीने बांधलेला. बाबा नेमके तिच्यावर बसले. सभा चालवणारे एक निवृत्त कंडक्टर होते. कुणी नवीन असेल आणि बोलावंसं वाटत असेल तर बोलावं, म्हणाले. बाबा सवयीने उठून उभे राहिले. मी हिचा बाप, मुलगी अभ्यासात बरी आहे, उर्मटपणा करत असेल तर बेलाशक सांगा, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. कुणीही हसलं नाही, हे सगळ्यात वाईट. कंडक्टर हळूच म्हणाले की बसा, इथे मुलांच्या तक्रारी नसतात. मग शेजारच्या बाई आपल्या पिण्याबद्दल बोलू लागल्या. तिथलं बाहेर सांगायचं नसतं, म्हणून त्यांचं काही लिहीत नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

मला वाटलं उठून जातील. पण सभेतून मध्येच उठणं त्यांना जमत नाही. तासभर गुडघ्यांवर हात ठेवून बसले. घरी येताना चार पावलं पुढे चालत होते. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही. मीठ हवं असलं तरी स्वतः उठून घेतात.

कान उपटायचे असतील तर उपट, पण उत्तर लवकर पाठव.

तुझी भाची


९ फेब्रुवारी

चि. बॅरिस्टरबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचता वाचता एका गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापून बसले. ते पाप तुझ्या माथी.

उत्तर मागितलंस तर घे. फसवणं ते फसवणंच. दारूपासून लांब ठेवलेली एकच गोष्ट त्याच्याकडे होती, तिथेच तू सापळा लावलास. पण मी तरी कुठली साधू? माझ्या भावाला चक्कर येते, असं वीस वर्षं आल्यागेल्याला सांगते आहे.

काल त्याने समोरच्या दुकानात फोन करून मला बोलावून घेतलं. त्या बुधवारपासून थेंब घेतला नाही म्हणाला. गाठी मारून मारून हाताची सालं निघाली म्हणे. ज्याला त्याने मशीन पुसायला शिकवलं तो आता त्याच्या जागी उभा आहे, ते रोज समोर बसून बघायचं. मालक म्हणाले आहेत की तुझ्या शिकलेल्या मुलीने शब्द दिला तर परत मशीनवर घेतो. पुढच्या मंगळवारी तुला बोलावतील. तर हो म्हण. तोवर तो सुटलेला असो नसो, हो म्हण. मशीन मिळालं तर सावरेल, नाही मिळालं तर आणखी बुडेल. मी त्याला तो रांगत होता तेव्हापासून ओळखते. आणि एकदा त्याच्या भल्यासाठी खोटं बोललीस, मग दुसऱ्यांदा बोलायला जीभ का अडखळावी?

वेळेवर जेवत जा. अक्षर उपाशी दिसतंय.

तुझ्यावर रागावलेली आणि तुझीच,
आत्या


१९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पाठ होईस्तोवर वाचलं. जीभ का अडखळावी, या तुझ्या प्रश्नापुढे मी माझी पुस्तकं मिटून ठेवली. मी हो म्हणायचं ठरवलंही होतं.

बाबा तुला खरं तेच बोलले होते. सतरा दिवस त्यांनी घेतली नव्हती. पण रविवारी सकाळी घरात तोच वास होता. चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला, तरी बशीवर ठेवताना वाजला. सोमवारी ते स्वतःहून बोलले. मालक उद्या विचारतील, तू शिकलेली आहेस, तुझ्या शब्दाला वजन आहे, म्हणाले. आवाजात इतकी अजिजी होती की मला माझ्या शिक्षणाची लाज वाटली.

मी त्यांच्यासमोर खाली बसले. आधी पालकसभेची माफी मागितली. तुम्हाला पुन्हा फसवणार नाही आणि तुमच्यासाठी दुसऱ्यालाही फसवणार नाही, उद्या मी नाही म्हणणार आहे, असं सांगितलं. बाबांनी तळहातावरचं निघालेलं साल ओढून काढलं. मग म्हणाले की पोरगीच नाही म्हणाली तर हो म्हणायला उरलं कोण. मला रडू आलं, पण शब्द मागे घेतला नाही. थोड्या वेळाने त्यांनी सांगितलं की गेल्या बुधवारी ते एकटेच वाचनालयाच्या जिन्यापर्यंत जाऊन परत फिरले होते. वर जाऊन काय सांगू, तिथे मला सगळे पालक म्हणून ओळखतात, म्हणाले. ओठ किंचित हलला. हसू होतं की काय, ठाऊक नाही.

काल आम्ही बरोबरच गेलो. मालकांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या, बाबा बसले नाहीत. पलीकडे मशीन चालू होतं. पातं पडलं की दाराची काच थरथरायची. मालकांनी मला विचारलं. एक हो म्हटलं की सगळं मिटत होतं, आणि तुझा चेहरा डोळ्यांसमोर होता. मालक वाट बघत होते. बाबा माझ्याकडे बघत नव्हते.

मी म्हटलं की मला शब्द देता येत नाही. शनिवारी त्यांनी घेतली होती, हात अजून स्थिर नाहीत, त्यांना पात्यापाशी उभं करू नका, पण काढूही नका. मालकांनी बाबांना विचारलं की हे खरं का. बाबांनी मान डोलावली आणि गठ्ठ्यांकडे निघून गेले. किती दिवस ठेवेन ते सांगत नाही, एवढंच मालक म्हणाले.

ते आणखी बुडतील, असं तू लिहिलंस. बुडतीलही, मला माहीत नाही. पण मी नाही म्हणून आले आहे, त्यांच्या देखत.

रागावली असशील तर सगळा राग सविस्तर लिही. गप्प मात्र बसू नकोस.

तुझी भाची