चाचांनी ठेचलेली पुंगळी

वफ्रा (कुवेत), १२ एप्रिल १९९८

तीर्थरूप आबांना वाळवंटातून साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. सध्या एका शेतावर पाण्याचे पाइप जोडतोय. इथले टोमॅटो आपल्या परसातल्यांच्या दुप्पट, पण चव नाही. असो, सांगायचं वेगळंच होतं.

इथले राखणदार करीमचाचा बलुचिस्तानचे. साप मारायला मालकाच्या रिव्हॉल्व्हरसाठी छऱ्यांची काडतुसं ते स्वतः बनवतात, तीही रायफलच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या कापून! पाइप सोडून मी दुपारभर बघत बसलो. काय हात आहे, आबा! सोनारच. बारा पुंगळ्या कापून, घासून चकचकीत केल्या. भरण्याआधी एकेक उन्हात धरून फिरवली आणि एक सरळ हातोड्याने ठेचली. केसाएवढी चीर होती, मला दिसलीसुद्धा नाही.

“चाचा, इतनी मेहनत की थी!”

“बेटा, साँप बाद में मरेगा, पहले मेरा हाथ जाएगा.”

तेव्हा तुम्ही आठवलात. रानडुकरांसाठी तुम्हीही जुनीच काडतुसं पुन्हा भरता. मागचं पत्र आपल्या धाकट्या मुक्ताच्या अक्षरात आलं. तुमचा अंगठा चुलीवर भाजला म्हणे. पण आबा, चूल तर तीच पेटवते ना?

राजापूरचा तौफीक सुट्टीवर येतोय, त्याच्याकडे मोठं भिंग दिलंय. प्रत्येक पुंगळी त्यातून बघा, मुक्तालाही दाखवा. ती एखादीला नको म्हणाली तर वाद न घालता ठेचा.

आईच्या गुडघ्याचं कसं आहे? उत्तर दोनच ओळींचं चालेल, पण तुमच्या अक्षरात हवं.

तुमचा,
शैलेश