फरशीला टेकलेलं

३ नोव्हेंबर

लागली एकदाची नोकरी! आणि तीही अशी, की आईला बरोबर घेऊन जाता येतं. मालक म्हणाले, ऑफिसात खुर्ची आहे, बसू दे त्यांना, त्यांची काय अडचण होणार आहे? एवढं साधं वाक्य माझ्या सख्ख्या भावाच्या तोंडून आजवर निघालेलं नाही.

घरात न मावणारं सामान ठेवायच्या भाड्याच्या खोल्यांचं हे गोदाम. मधे लांबलचक बोळ, दोन्हीकडे शटरं, ज्याची खोली त्याचं कुलूप. माझं काम एकच, पाण्याला आत येऊ द्यायचं नाही. छपरावरच्या पन्हाळ्या साफ, गटाराच्या जाळ्या मोकळ्या. सामान लाकडी पॅलेटवर आणि भिंतीपासून वीतभर लांब. फरशीला काहीही टेकता कामा नये. मालक म्हणतात, चोर एखादी वस्तू नेतो, ओल सगळंच नेते. मला असली कामं मनापासून आवडतात. वहिनी म्हणते मी खवट आहे. असू दे.

शिवाय बोळातलीच एक खोली आम्हाला सामानासाठी फुकट! दादाने घर विकून आईचं सामान माझ्या दारात आणून टाकलं होतं, ते आता नीट राहील.

आधीचे राखणदार, ज्यांना इथे सगळे मामा म्हणतात, किल्ल्या देऊन गेले. जाताना सांगितलं, टोकाच्या खोलीत बेवारशी सामान आहे, ते जमिनीवरच राहू द्या, हात लावू नका. मी मान डोलावली.

६ नोव्हेंबर

टोकाची खोली उघडली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. जे भाडेकरू फिरकेनासे झाले त्यांचं सगळं सामान सरळ फरशीवर फेकलेलं! गाद्या, पेट्या, बाळाचा पाळणा. खाली पाण्याचा पातळ थर, आणि फरशीला गेलेल्या भेगेतून आणखी पाझरतंय. इतकी वर्षं हा माणूस पगार कसला घेत होता?

भिंतीला टेकून फोटो ठेवलेले. काचा धड, चौकटी धड, आत नुसता पांढरा कागद. साड्यांचे रंग गेलेले, पण कापड कुठे कुजलेलं नाही. असली ओल मी तरी पाहिली नव्हती.

दिवसभर कंबर मोडेस्तोवर राबले. एकूण एक वस्तू पॅलेटवर चढवली. भेग खरवडून वॉटरप्रूफिंगच्या सिमेंटने गच्च बुजवली. संध्याकाळपर्यंत फरशी कोरडी ठणठणीत. मामांनी यावं आणि डोळे भरून बघावं.

१० नोव्हेंबर

सगळीकडे कोरडं आहे. आमच्या खोलीत आईचा पलंग, कपाट, दोन खुर्च्या आमच्या जुन्या घरासारख्याच मांडल्या, अर्थात पॅलेटवर. आईने बघितलं आणि चपला बाहेर काढून ठेवल्या. घरात चपला घालून वावरलेलं तिला आयुष्यात खपलं नाही. पलंगावर बसून म्हणाली, चहा टाक गं ठकू.

दादाला ती हल्ली बाबांच्या नावाने हाक मारते. वहिनीला दवाखान्यातली बाई समजते, आणि वहिनीचा तोरा बघता तिची फार चूक नाही. पण मला ठकूच म्हणते. डॉक्टरांनी बजावलंय, हेही जाईल एक दिवस. गेलं तर मी काय करीन, माझं मला ठाऊक नाही. एवढं एकच उरलंय माझ्याकडे.

१४ नोव्हेंबर

मधल्या खोल्यांत पाणी. पाऊस नाही, नळाची मुख्य चावी बंद आहे, पन्हाळ्या कोरड्या, मग येतंय कुठून?

एका खोलीत एका मास्तरांची पुस्तकं आहेत. हजारदा सांगितलं होतं त्यांना, खोकी खाली ठेवू नका. ठेवलीच. आज खोकं उघडलं तर खालच्या पुस्तकांत एक अक्षर नाही. पानं भिजून लगदा झालेली नाहीत, फुगलेली नाहीत. नुसती कोरी. मास्तर माझ्यावर खेकसले, मीही सोडलं नाही. मग ते एक कोरं पुस्तक उलटंसुलटं करत राहिले आणि म्हणाले, हे मीच लिहिलं होतं.

मालकांना फोन केला. म्हणाले, बुरशी असेल, पावडर मारा. पावडर! यांच्या डोक्यातच मारली पाहिजे.

१७ नोव्हेंबर

प्लंबर आला. चांगला गप्पिष्ट माणूस, आईचीही थट्टा करून तिला हसवलं. मग चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मास्तरांच्या खोलीतल्या पाण्यात उतरला.

थोड्या वेळाने बाहेर आला तेव्हा हातातल्या पान्याकडे बघत होता. मला विचारलं, हे कशासाठी असतं. मला वाटलं, मस्करी करतोय. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने तो माझ्यापुढे धरला आणि विचारलं, ही कोण बाई, मला जेवायला कधी येताय म्हणून का विचारतेय.

मीच बोलले तिच्याशी. ती आली, त्याला घेऊन गेली. दारातून जाताना त्याने तिचा हात झटकला.

१८ नोव्हेंबर

मामांना फोन करून फैलावर घेतलं. आधी आढेवेढे, मग सगळं ओकले. म्हणे, हे पाणी पाइपाचं नाही. जे फरशीला टेकेल त्यातलं माणसाचं जे असतं ते पिऊन टाकतं. म्हणून ते त्याला बेवारशी सामान द्यायचे, ज्याची आठवण ठेवायला कोणी उरलेलं नाही असं. तेवढ्यावर ते टोकाच्या खोलीत पडून राहायचं. मी त्याच्या तोंडचं काढून घेतलं, वर वाटही बुजवली. आता ते शोधत फिरतंय.

अहो, मग हे किल्ल्या देताना सांगायला काय जीभ झडली होती? म्हणाले, तुम्ही विश्वास ठेवला असता का?

नसता ठेवला. म्हणून काय सांगायचंच नाही?

तशीच गेले, सिमेंट फोडलं, सगळं बेवारशी सामान पुन्हा खाली मांडलं. पाण्याने तिकडे ढुंकून पाहिलं नाही. मामांना परत विचारलं. म्हणाले, माणसाची चव लागली, आता उष्टं कशाला खाईल.

माझ्याच हाताने. माझ्याच मेल्या टापटिपीने.

१९ नोव्हेंबर

गमबूट घेतले. सगळ्या भाडेकरूंना कळवलं, सामान काढा. मालक म्हणतात, धंदा बुडवायला निघालीस का. हो, निघालेय.

आमचं सामान न्यायला उद्या टेम्पो येईल. दादाला म्हटलं, एक दिवस, फक्त एक दिवस आईला ठेवून घे. वहिनीकडे पाहुणे आहेत म्हणे. जन्म दिला तिने तुला, पाहुण्यांनी नाही, असं म्हणून फोन आपटला. घरी एकटी ठेवली तर आई रस्त्यावर जाते. उद्या ऑफिसात खुर्चीवर बसवीन, पाय स्टुलावर. नजर हलवणार नाही.

२० नोव्हेंबर

घाईत लिहितेय. ऑफिसच्या टेबलावर बसून. आई शेजारी. पाणी दाराच्या उंबऱ्यापर्यंत —

टेम्पोवाल्याला रस्ता सांगायला फाटकापर्यंत गेले होते, तेवढ्यातच. परत आले तर खुर्ची रिकामी. आमच्या खोलीबाहेर तिच्या चपला, नीट जोडून ठेवलेल्या. घर ना तिचं ते! आत पलंगावर बसलेली. फरशी तोवर कोरडी होती. मी शिरले आणि मागोमाग बोळातून पाणी आलं. चारी बाजूंनी. ती म्हणाली, ठकू आलीस, थांब, चहा ठेवते. आणि पाय खाली सोडायला लागली —

उचलायला गेले, उचलवेना. मग बूट काढले. माझे. तिच्या पायांत चढवले. कुरकुरली, घरात बूट कसले घालतेस म्हणून. ओढत आणली.

मी अनवाणी. पाणी थंड नव्हतं. कोमट होतं.

लिहून ठेवते. दादा — भाऊ. मोठा. त्याचा नंबर —

फोनवर इतकी नावं. यांतलं कुठलं —

बाहेर एक माणूस टेम्पोचा हॉर्न वाजवतोय. काय हवंय त्याला?

संताप संताप होतोय. कोणावर चिडलेय ते —

आईला नीट —

नंतर

टेबलावर एक म्हातारी बसली आहे. पायांत मोठे गमबूट, तिच्या मापाचे नाहीत. इथे एवढं पाणी आणि हिला एकटीला सोडून गेलेत. माणसं आहेत की कोण? खडसावून विचारलं, कोणाच्या तुम्ही, कोणी आणून टाकलं तुम्हाला इथे. म्हणाली, माझी लेक आहे ना बरोबर.

कसली लेक! येऊ दे ती. अशी झापते की जन्मभर लक्षात ठेवील.

म्हातारी माझ्या केसांवरून हात फिरवते आहे. झटकला तरी फिरवते. सारखं एकच, ठकू, चल घरी. ठकू, चल ना घरी. ही ठकू कोण आणि कुठे उलथली आहे, आईला अशी टाकून —