टेबलाच्या डाव्या बाजूची मोकळी जागा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सदुसष्ट, व्यवसाय लोकांची घरं सजवण्याचा, राहणार याच फ्लॅटमध्ये, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे आणि स्मरणशक्ती नको तितकी चांगली आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. ज्या एका व्यक्तीने तो आणायला हवा होता तिने आयुष्यात कधी आणला नाही, म्हणून तर हे सगळं पुन्हा लिहायची वेळ आली.

येत्या गुरुवारी माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. ते हे सांगत असताना मी त्यांच्या टेबलाकडे बघत होते. पेनांचा डबा, पाण्याची बाटली आणि हृदयाचा प्लास्टिकचा नमुना, तिन्ही एकाच उंचीचे, एका ओळीत, शाळेच्या प्रार्थनेला उभे केल्यासारखे. म्हटलं, हा माणूस माझं हृदय उघडणार, तर आपले कागद आधी नीट लावून ठेवलेले बरे.

वकीलबाई म्हणाल्या, "मॅडम, थोडक्यात लिहा हं." कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरसुद्धा माझ्या निबंधांवर हाच शेरा मारायच्या. तेव्हा जमलं नाही, आता काय जमणार?

कलम पहिले. यजमान गेल्यानंतर मी जे मृत्युपत्र केलं होतं ते या लिखाणाने पूर्णपणे रद्द करते. त्यात हा फ्लॅट माझ्या मुलाला दिला होता, आणि माझ्या नणंदेबद्दल एकच वाक्य होतं: "त्यांची योग्य ती सोय करावी." ते वाक्य वकीलबाईंनी सुचवलेलं नाही, माझंच आहे. जुन्या सोफ्याबद्दल मी टेम्पोवाल्याला अगदी हेच सांगते, की बाबा, याची कुठेतरी सोय लाव.

नणंदबाई माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मी त्यांना वन्सं म्हणते, त्या मला वहिनी म्हणतात. टेलिफोन खात्यात पाळ्यांच्या नोकरीला होत्या, लग्न केलं नाही. मुलगा झाल्यावर मला कामावर परतायचं होतं, तेव्हा यजमानांनी त्यांना बोलावून घेतलं, "मूल जरा मोठं होईपर्यंत ये." मूल मोठं झालं, परदेशी गेलं, त्याचे केस मागे हटले. वन्सं इथेच आहेत. मागच्या खोलीत, ज्या खोलीला मी अजूनही घर दाखवताना "ही गेस्ट रूम" असंच म्हणते.

कलम दुसरे. माझी कामाची हत्यारं, म्हणजे मोजपट्ट्या, वस्तू घसरू नये म्हणून लावायचं मेण, फेल्टच्या टिकल्या, फुलदाण्या, आरसे, खोट्या रोपट्यांचे खोके आणि नुसत्या पाठी असलेली पोकळ पुस्तकं, ही सगळी माझ्या मदतनीस बाईंना द्यावीत. गेली कित्येक वर्षं ग्राहक शाबासकी मला देतात आणि काम त्या करतात. पोकळ पुस्तकं मात्र त्यांनी जपून वापरावीत. एकदा एका घरमालकांनी त्यातलं एक वाचायला काढलं होतं आणि आम्ही दोघी पडद्यामागे तोंडात बोळा घालून उभ्या होतो.

यातला एक खोका त्यांना द्यायचा नाही. त्याच्यावर माझ्या अक्षरात "राहतं घर" असं लिहिलंय. त्याचं काय करायचं ते पुढे सांगते.

कलम तिसरे. माझ्या धाकट्या जाऊबाईंना कपाखाली ठेवायच्या चकत्यांचा संपूर्ण संच, डब्यासकट. त्यांना कारण माहीत आहे. टेबल नवं आलं त्याच आठवड्यात त्यांनी त्यावर गरम कप टेकवला होता आणि वर म्हणाल्या होत्या, "अगंबाई, एवढ्याशाने काय होतंय!" झालं ते वर्तुळ काढायला पॉलिशवाल्याला अख्खा दिवस लागला. मी त्यांना माफ केलं आहे, पण चकत्या वापराव्यात.

कलम चौथे, आणि मुख्य. दिवाणखान्यातलं कन्सोल टेबल.

दारातून आत आल्यावर समोरच्या भिंतीला लागून जे लांब, अरुंद, काळसर टेबल आहे ते. त्यावर लॅकरच्या चकचकीत पॉलिशचे इतके थर आहेत की दिवा लावला की टेबलात दुसरा दिवा लागतो. बोट लागलं की ठसा उमटतो. पॉलिशवाला ते बसवून गेला तेव्हा म्हणाला होता, "बाई, हे टेबल नाही, आरसा आहे. याच्यासमोर जपून वागा." मला वाटलं, फडकं कुठलं वापरायचं ते सांगतोय.

टेबल सजवायची माझी रीत सगळ्यांना ठाऊक आहे. उजवीकडे उंच वस्तू, म्हणजे दिवा. मध्ये मध्यम उंचीचं काही, फुलदाणी किंवा भिंतीला टेकवलेलं चित्र. त्याच्या पुढ्यात बुटकं, एखादा वाडगा नाहीतर दोन जाड पुस्तकं. आणि डावी बाजू मोकळी. "तिथे काहीच नाही?" असं ग्राहक विचारतात. मी सांगते, घराची श्रीमंती त्या मोकळ्या जागेत दिसते.

वन्सं कामावरून आल्या की त्या मोकळ्या जागेत किल्ल्या ठेवायच्या. मग चष्मा, कधी औषधाची पट्टी, कधी मुलाच्या शाळेतून आलेला कागद. दार उघडल्यावर हातातलं सामान ठेवायला समोर जागा दिसली की माणूस ठेवणारच, त्यासाठीच तर असलं टेबल दाराशी असतं, हे मीच लोकांना सांगते. पण माझ्या घरी मी ते उचलायचे. रागावून नव्हे, अगदी हसत. "वन्सं, हे तुमच्या खोलीत ठेवते हं." त्या म्हणायच्या, "अगबाई, राहिलंच का? ठेवा ठेवा." मी वस्तू नेऊन ठेवायचे आणि येऊन फडक्याने जागा पुसायचे. त्यांच्या बोटांचे ठसे मी त्यांच्यादेखत पुसले आहेत.

सिस्टर आमच्या डेस्कची झाकणं उघडून बघायच्या आणि म्हणायच्या, "ज्या वस्तूला जागा नाही, ती वस्तूच नको." मला त्या शिकवणीचा अभिमान होता. माणसं वस्तूंबरोबर उचलली जातात हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्याच सिस्टर दर शुक्रवारी प्रत्येकीला आठवड्यातली एक चूक उभं राहून सांगायला लावायच्या. मी नेहमी "शेजारणीची पट्टी न विचारता घेतली" एवढं सांगून बसायचे, कारण ती चूक सुटसुटीत होती. ही तशी नाही. ही मी रोज थोडी थोडी, मऊ फडक्याने केली आहे आणि गेल्या वर्षापर्यंत करत होते.

आता त्या खोक्याबद्दल. गेल्या वर्षी एका मासिकाला माझ्याच दिवाणखान्याचे फोटो हवे होते. फोटोवाला आला, इकडून तिकडून बघून म्हणाला, "मॅडम, सगळं सुंदर आहे, पण इथे कोणी राहतंय असं वाटत नाही हो." असं म्हणणारे भेटतात, म्हणून तर मी "राहतं घर" हा खोका ठेवते. त्यात बिननंबरी काचांचा चष्मा आहे, कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या किल्ल्या आहेत, खुणेची रिबन घातलेलं पुस्तक आहे. मी टेबलाच्या डाव्या बाजूला, अगदी वन्संच्या जागी, चष्मा थोडा तिरका ठेवला, किल्ल्या टाकल्यासारख्या टाकल्या. फोटोवाला खूष. "आता कसं, आत्ताच कोणीतरी बाहेरून आलंय!"

जी खरी बाहेरून आली होती तिला मी स्वयंपाकघरात थांबायला सांगितलं होतं, फोटोत सावली पडू नये म्हणून.

तो गेल्यावर वन्सं बाहेर आल्या, टेबलापाशी थांबल्या.

"वहिनी, हा चष्मा कोणाचा? पाहुणे विसरले वाटतं."

"नाही हो, तो सामानातला आहे. राहू द्या तिथेच, छान दिसतोय."

"हो, दिसतोय खरा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. टोमणा नव्हता. टोमणा मारला असता तर मी भांडले असते आणि एवढ्यात मोकळी झाले असते.

त्यानंतर टेबलावर त्यांची वस्तू मला कधी दिसली नाही. मला वाटलं, चला, सवय लागली. त्यांनी एक खांद्याची कापडी पिशवी घेतली होती, पितळी कडीची. घरातही ती खांद्यालाच असायची. स्वयंपाकघरात, बाल्कनीत, टीव्ही बघताना मांडीवर. मी एकदा हसून विचारलंही, "काय वन्सं, कुठे निघालात?" त्या म्हणाल्या, "कुठे जाणार? आपलं हाताशी असलेलं बरं."

गेल्या महिन्यात लिफ्टच्या दाराशी मला घेरी आली. मी तिथेच जमिनीवर बसले. वन्संनी पिशवी उघडली. माझी जिभेखाली ठेवायची गोळी निघाली. पाण्याची छोटी बाटली. माझ्या डॉक्टरांचा नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेला पुठ्ठा. माझा जुना चष्मा, घराच्या जादा किल्ल्या, माझ्या आवडीच्या आल्याच्या वड्या. मी घाबरलेली असूनही बघत होते. आपल्याच घरात पाहुण्यासारखी जी पिशवी त्या वागवत होत्या तिच्यात अर्ध्याहून जास्त सामान माझं होतं.

म्हणून: ते कन्सोल टेबल, दिव्यासकट, मी माझ्या नणंदेला देते. त्यावर काय ठेवावं आणि काय नाही हे त्यांनीच ठरवावं, आणि इतर कोणीही, माझी मदतनीसही, त्यात हात घालू नये. "राहतं घर" हा खोका कचऱ्यात टाकावा.

कलम पाचवे. बँकेतली शिल्लक मुलगा आणि वन्सं यांनी निम्मी निम्मी घ्यावी.

हा फ्लॅट माझ्या पश्चात वन्सं हयात असेपर्यंत त्यांचा आहे. त्यांच्या हयातीत तो कोणालाही विकता, भाड्याने देता किंवा रिकामा करता येणार नाही. मागच्या खोलीत राहायचं की पुढच्या, ही त्यांची मर्जी. त्यांच्यानंतर तो माझ्या मुलाचा.

मुलाबद्दल कोणी वाकडं बोलू नये. त्याला आत्याने वाढवलंय. मागे तो फोनवर म्हणाला होता, "आई, पुढेमागे फ्लॅट काढून टाकू. आत्यासाठी चांगली जागा बघू. तिथे तिला तिच्या बरोबरीची माणसं भेटतील." मी म्हटलं, "तिला विचारलंस का?" तो म्हणाला, "तू विचारलंस?" त्यावर मी हवापाण्याच्या गोष्टी काढल्या. परवा मी त्याला नवीन कलम वाचून दाखवलं. त्याने ते मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "बरोबर आहे तुझं. पण आत्याला सांगितलंस?"

"मृत्युपत्रात आहे ना, कळेलच."

"आई, कमाल करतेस. तू गेल्यावर कळून काय उपयोग? आधी सांग."

मी हो म्हटलं, आणि सांगितलं नाही. दोन दिवस त्यांच्यासमोर चहा पीत बसले, पण विषय काढायला तोंड उघडेना. सगळ्या जगाच्या दिवाणखान्यात बोलघेवडी असलेली मी.

कलम सहावे. हे कलम सही करण्यापूर्वी, साक्षीदारांच्या समोर, आत्ताच लिहीत आहे.

साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आले आहेत आणि पॉलिशवाला आला आहे, वकीलबाईही आहेत. कागद कन्सोल टेबलावर पसरले होते. वन्संनी सगळ्यांना चहा दिला, चकत्या ठेवून. मग पिशवीतून स्वतःचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि विचारलं, "मी कुठे करू सही?" मुलाच्या शाळेपासून यजमानांच्या इस्पितळापर्यंत या घरातल्या प्रत्येक कागदावर साक्षीला त्यांचीच सही आहे.

वकीलबाई म्हणाल्या, "नाही आत्या, तुमची सही इथे नाही चालणार."

वन्संनी टोपण लावलं. पेन पिशवीत ठेवलं. "बरं बरं. मी आत बसते, काही लागलं तर हाक मारा."

तीच हसरी, समजूतदार रीत. या घरात ती मी त्यांना शिकवली आहे.

मी म्हटलं, "वन्सं, थांबा. तुमची सही चालत नाही, कारण ज्याला घर मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. माझ्यानंतर हे घर तुमचं आहे. तुम्ही आहात तोवर."

त्या उभ्याच राहिल्या. "आणि तो? त्याला काय वाटेल?"

"तोच मागे लागलाय, आत्याला सांग म्हणून."

"उगीच काहीतरी, वहिनी. गुरुवारी तुम्ही टुणटुणीत होऊन येणार आहात."

"येईन. पण आल्यावरसुद्धा ही डावी बाजू तुमचीच. आजपासून. ती पिशवी खांद्यावरून उतरवा, वन्सं. मला बघवत नाही हो."

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. "कडी आहे पितळेची. चरा पडेल."

पॉलिशवाला म्हणाला, "पडू द्या की आत्या. माझं पोट त्याच्यावरच आहे."

दातांचे डॉक्टर मोठ्याने हसले. वन्संनी पिशवी उतरवली आणि टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवली. कडी लॅकरवर वाजली. मग चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा डोळ्याला लावला, पुन्हा काढला आणि पिशवीशेजारी ठेवला.

पिशवी टेबलाच्या कडेला समांतर नाही. तिचा एक बंद खाली लोंबतो आहे, आणि दिव्याशी तिचं काहीही जमत नाही. माझा हात तिच्याकडे गेला होता, तो मी मागे घेतला आहे. मी ती सरळ केलेली नाही, याची साक्षीदारांनी नोंद घ्यावी.

स्थळ: आमच्या दोघींच्या घराचा दिवाणखाना.
दिनांक: शस्त्रक्रियेच्या आधीचा सोमवार, सकाळी, चहा झाल्यावर.

(सही) मृत्युपत्र करणारी, वन्संची वहिनी

साक्षीदार:

१. (सही) खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. बाईंनी आमच्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली.

२. (सही) पॉलिशवाला. वरीलप्रमाणे. पिशवी वाकडीच आहे, मी पाहिली.