मॅडमला सांग

१४ नोव्हेंबर

सापडली! आणि कुठे, तर मोखाड्याच्या बाजारात. सुक्या मासळीपुढे उकिडवी बसून भाव करत होती, अगदी पोशेऱ्याच्या बायकांच्या हेलात. चेहरा मात्र सिक्कीमचा. नाव निमकित, इथे सगळे नीमी म्हणतात. नवरा दिपेश ठाण्यात ड्रायव्हर होता, ही तिथेच एका हॉटेलात कामाला. लग्न करून दोघं त्याच्या गावी, पोशेऱ्याला आले. माहेरची भाषा लेपचा!

जिच्यासाठी पुण्यात पुस्तकं चिवडत बसले, ती भाषा जव्हारच्या घरापासून स्कूटीच्या टप्प्यात. बाबा म्हणाले, "आता तरी प्रबंध संपव, शलाका."

१७ नोव्हेंबर

पोशेरा. खळ्यावर नाचणीच्या काडाला टेकून बसलो. ऊन इतकं मऊ की पेन उघडायचंच राहिलं. नीमीला रोजची बोली येते, जुने शब्द नाहीत. "आयसला ठावं असंल," म्हणाली. आयस म्हणजे आई.

पुढचं तिच्या सासूनं, तानीबाईंनी सांगितलं. पोरीनं इतक्या लांब लग्न केलं म्हणून आई म्हणाली होती — आता तुझ्याशी बोलणार नाही. शब्द पाळला बाईनं. "फोनच उचलं नाय हिचा," तानीबाई.

माझ्या फोनवरून केला तर?

२० नोव्हेंबर

उचलला. रेंज फक्त मोहाच्या झाडाखाली, म्हणून तिथे दगडावर बसून. आईला हिंदी जेमतेम. नीमीनं घाबरत सांगितलं — कॉलेजच्या मॅडम आहेत, त्यांना जुने शब्द हवेत. पलीकडे कोंबडा आरवत होता. मग आई बोलू लागली, पण नीमीशी नाही. दर वाक्याआधी तेच पालुपद. अर्थ विचारला तर नीमी खाली बघत म्हणाली, "मॅडमला सांग."

मॅडमला सांग, सुटणं म्हणजे ‘थोर’. मॅडमला सांग, सोडणं म्हणजे ‘थ्योर’. पोटची पोर, आणि तिला नुसती दुभाषी करून ठेवली. राग आला. शब्द मात्र भराभर उतरवून घेतले मी.

२१ नोव्हेंबर

दिवसभर धुकं. खिडकीशी बसून तो जुना ‘स’ डोक्यात.

फार पूर्वी, हिमालयाकडच्या सगळ्या डोंगरांतल्या भाषा एक होत्या तेव्हा, आपोआप घडणाऱ्या गोष्टीला साधं क्रियापद असायचं. कुणी घडवली की त्याच्या सुरुवातीला एक ‘स’ लागायचा. मग माणसं खोऱ्याखोऱ्यांत पांगली. तिबेटी लिखाणात तो ‘स’ अजून दिसतो. बर्मीत झिजला, मागे नुसता श्वास ठेवून गेला. लेपचात शब्दाच्या पोटात शिरून ‘य’ होऊन बसला, थोरचं थ्योर झालं, असं काही जण मानतात. माझा प्रबंध त्याच्याच मागावर आहे. डोळे मिटले की तो दिसतो मला — धुक्यातून एकटाच डोंगर उतरताना, प्रत्येक घरी थोडा थोडा विरताना. गाईड सरांना हे सांगितलं तर हाकलून देतील!

२ डिसेंबर

आई आता शब्द झाल्यावरही फोन ठेवत नाही. मॅडमला विचार, तिकडे थंडी पडते का. मॅडमला विचार, तिथे भात खातात की भाकरी. आज म्हणाली — मॅडमला सांग, आलं उकळून पी, खोकला बरा नाही.

मी कुठे खोकले होते? खोकली नीमी.

९ डिसेंबर

नीमीला दिवस गेलेत. चौथा महिना. आईला सांगायचंय, पण कसं? "ती मना बोलं नाय, मी कशी सांगू?" मग म्हणाली, उद्या आईला भाषांतराला द्यायच्या वाक्यांत एक माझं घाला. ‘तिनं पोराला निजवला.’ आईला कळेल, म्हणे.

घातलं. 

१० डिसेंबर

नीमीनं ते वाक्य विचारलं.  आई हळूच काहीतरी म्हणाली. नीमीचा चेहरा फुलला. माझ्याकडे वळून, "मॅडम, आयस विचारं — पोर कोनाचा?"

आणि मी! शब्द सांगणाऱ्या प्रत्येकाला आम्ही जे सांगतो, तेच पाठ केल्यासारखं बोलून गेले. "कुणाचंही. वाक्य खरं असायची गरज नाही."

 नीमीनं ते जसंच्या तसं आईला सांगितलं. दुभाषीच ना ती. फोन बंद झाला.

११ डिसेंबर

आई फोन उचलत नाही. माझाही.

१५ डिसेंबर

सरांची मेल — लेपचाचं प्रकरण उत्तम, छापायला पाठवू. पुन्हा उघडवत नाही ते प्रकरण.

पोशेऱ्याला गेले. नीमी नाचणी पाखडत होती, वर पाहिलं नाही. तानीबाईंनी चहा दिला आणि चांगलं फैलावर घेतलं. "तुला काय मंग, पोर वाक्यातला वाटला? पोटातला हाय तो!"  रडू आलं तिथेच, चुलीपाशी. येताना घाटात धुकं इतकं की रस्ता कुठे आणि आभाळ कुठे कळेना. मी गाडी कडेला लावून बसून राहिले. दोघींमधलं उरलंसुरलं बोलणंही मीच बंद पाडलं.

१९ डिसेंबर

सकाळी नीमीच्या आईच्या नंबरवरून फोन. मागे रिक्षावाल्यांचा गलका. "मॅडम? हम नासिक रोड में है. पोशेरा का गाड़ी किधर लगता?"

त्र्यंबकमार्गे मोखाड्याची एसटी सांगितली. कसंबसं. म्हटलं, नीमीला लगेच कळवते.

"आप मत बोलना," आई म्हणाली. "हम बोलेगा."