लॉज म्हणजे पाल्याची खोप

गुलटेकडी, पुणे
१० ऑगस्ट, रविवार

चि. निकिता हिला बायडाबाई आजीचा सप्रेम जयभीम.

इकडे सगळे बरे. धम्मदीपचा, म्हणजे तुझ्या बापाचा, गुडघा दुखतो. जिना चढताना जास्त, क्रिकेट बघताना अजिबात नाही. फोन केला की तू म्हणतेस, मीटिंगमध्ये आहे. म्हणून कागद धाडते. कागदाला थांबता येतं.

मला लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे आणि अक्षर तू ओळखलं असशीलच. होय, तुझी आई लिहितेय. तुझ्याशी बोलायचं नाही असं तिने ठरवलंय. लिहायचं नाही असं नाही. प्रत्येक वाक्य मी तिच्याकडून वाचून घेते, त्यामुळे गाळायची सोय नाही. आत्ता तिचं नाक फुगलंय. तेही लिही म्हटलं.

तर मुद्दा. तू रात्रपाळी करून पहाटे यायचीस, झोपायचीस आणि डबा घेऊन पळायचीस. एके दिवशी ही म्हणाली, ‘हे घर आहे का लॉज?’ झालं. तू बॅग भरलीस आणि हडपसरला मैत्रिणींबरोबर खोली घेतलीस. एका शब्दापायी पोर घराबाहेर जाते, तर तो शब्द आहे तरी काय, ते विचारायला मी तुझ्या आईला घेऊन वरच्या मजल्यावर दिगंबर सरांकडे गेले. सरांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. रिटायर झाल्यापासून कोणी काही विचारत नाही, त्यामुळे असे हरखले की चहा गार झाला.

ते म्हणाले, इंग्रजांनी हा शब्द जुन्या फ्रेंचांकडून घेतला. तेव्हा त्याचा अर्थ होता पाल्याचा आडोसा, डहाळ्यांची खोप. पुढे शिकाऱ्याचं रानातलं घर लॉज झालं, बंगल्याच्या फाटकाशी राखणदाराची खोली लॉज झाली. बीव्हर म्हणून एक प्राणी पाण्यात काटक्यांचं घर बांधतो, तेही लॉजच. तक्रार नोंदवली तरी हाच शब्द, आणि घशात काही अडकून बसलं तरी हाच. इथे मी तुझ्या आईकडे पाहिलं. ती सरांच्या कपबशा उचलायला लागली.

मला हसू आलं. अगं, मी लग्न होऊन आले ती उसाच्या पाचटाच्या खोपीत, हडपसरच्याच रानात. तुझा बाप तिथे जन्मला. तू राहतेस ती बिल्डिंग त्याच वावरात उभी असली तर नवल नाही. वारा सुटला की निम्मं छप्पर शेजाऱ्याच्या बांधावर जायचं. तुझे आजोबा ते गोळा करायचे आणि मी जागेवरून हुकूम सोडायचे. तेव्हा लॉजमध्ये राहण्याचा अनुभव या घरात फक्त मला आहे. त्यात कमीपणा काही नाही, बाई. आपण आलो की आत कोणीतरी असावं, एवढंच.

पोरीला काय सांगू म्हणून तुझ्या आईला विचारलं. म्हणाली, ‘तिचे कपडे कपाट अडवून बसलेत, ते न्यायला सांगा.’ मी म्हटलं, कशाला, बोहारणीला देऊन टाकू, एखादं पातेलं येईल. तेव्हापासून कपाटाची किल्ली तिच्या कमरेला आहे. अंघोळीलाही नेते.

आता खाली थोडी जागा उरलीय, ती मी हिला दिली. काय लिहिलं ते वाचून दाखवू नको म्हटलंय. मला अक्षर येत नाही, याचा एवढा उपयोग जन्मात झाला नव्हता.

तुझी
बायडाबाई आजी
(अंगठा माझाच. डाग समजून पुसू नकोस.)

निकिता,
तू पहाटे यायचीस म्हणून आपण दाराला आतून कडी घालत नव्हतो, नुसतं लॅच लावायचो. मी अजून घालत नाही. तुझे बाबा म्हणतात, मी विसरते.

विसरत नाही.

आई