ॲल्युमिनियम गंजत नाही

३ मार्च
आज घडीचा चाकू घेतला. मूठ ॲल्युमिनियमची, वरून ॲनोडायझिंगचा काळा संरक्षक थर. दुकानदार म्हणाला, ही लोखंडासारखी गंजत नाही. मला ठाऊक होतं, पण त्याला बोलू दिलं. गुडघ्यांमुळे सासरे होडीचं सुकाणू आता दुसऱ्या कुणाच्या तरी हाती देणार आहेत. उमेदवार दोन : मेहुणा आणि मी. मेहुण्याला होडी चालवता येते. माझ्याकडे चाकू आहे.

७ मार्च
सासुरवाडीला जेवायला. मेहुण्याने खुसपट काढलं. म्हणे खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमलाही खड्डे पडतात, स्टीलचा स्क्रू टेकतो तिथे तर हमखास. मी हसलो. तिथल्या तिथे टेस्ट जाहीर केली : चाकू आठवडाभर मिठाच्या पाण्याच्या बरणीत, मग तोच घेऊन होडीवर. सासरे म्हणाले, "ठेवा, जावईबापू, ठेवा." केवढा विश्वास!

८ मार्च
बरणी रोज तपासायची असं ठरवलंय. आज तपासली नाही. खात्री असली की तपासावं लागत नाही.

११ मार्च
बायकोने बरणी ओट्यावरून हलवायला सांगितली. पाणी गढूळ. स्क्रूभोवती पांढरी पावडर. मीठ! बायको म्हणाली, पाण्यात बुडालेलं मीठ न विरघळता कसं राहील? चाकू नळाखाली धुतला. पावडर जागच्या जागी. ती म्हणाली, "मीठच आहे ना? मग चाखा."
चाखली. खारट नाही.
हल्ली मीठसुद्धा भेसळीचं मिळतं.

१२ मार्च
चाकू स्वच्छ करायला धुण्याच्या सोड्यात उकळला. भरपूर फेस आला. घाण निघतेय म्हणून आणखी सोडा घातला. काळा रंगही निघाला. आता राखाडी, खडबडीत. पकड सुधारली.

१४ मार्च
पातं उघडत नाही. सेफ्टीच्या दृष्टीने उत्तम. तेल उद्या घालू.

१५ मार्च, संध्याकाळ
तेल राहिलं.
सासरे, मेहुणा, बायको आणि मी. जाताना सगळं झकास. येताना पाण्यात तरंगणारा कुणाचा तरी दोर होडीच्या पंख्यात अडकला. इंजिन बंद. वारा आम्हाला खडकांकडे ढकलू लागला. मेहुणा ओरडला, "भावोजी, चाकू!"
हाच तो क्षण. चाकू काढला. उघडेना. नखाने ओढला, दाताने ओढला. मेहुण्याने पक्कड लावून जोर केला, तशी मूठ स्क्रूपाशी बिस्किटासारखी मोडली. खडक इतके जवळ आले की त्यांच्यावरचे शिंपले दिसायला लागले.
बायकोने पिशवीतून पाव कापायची सुरी काढली. मेहुण्याला म्हणाली, "पाय धर माझे." आणि अर्धी बाहेर झुकून करवतीसारखी सुरी चालवत दोर कापला. मी तिची पिशवी धरली होती. घट्ट.
इंजिन सुरू झालं. मग सासरे उठले आणि सुकाणूवर तिला बसवलं. मेहुण्याने टाळ्या वाजवल्या. मला वाटलं होतं, तो तरी चिडेल.
तिने होडी धक्क्याला अशी लावली की हिसकासुद्धा बसला नाही. उतरताना तिने मला हात दिला. मी दुसऱ्या हातात तिची पिशवी घेऊन उतरलो.

१६ मार्च
दुकानदाराकडे तक्रार केली. त्याने विचारलं, नक्की काय काय केलंत? सांगितलं. त्याने आतून भावाला बोलावलं आणि परत सांगायला लावलं.
पुढच्या रविवारी पुन्हा होडी निघणार आहे. मीही जाणार आहे. धक्क्यापर्यंत. सगळ्यांच्या चपला सांभाळायला कुणीतरी जबाबदार माणूस हवा, असं बायको म्हणाली.
'जबाबदार' हा शब्द तिचा.