बोलवायचं काम धाकट्याचं

जवळा बाजार
गुरुवार

प्रिय पिंटू,

तुझी पत्रिका पोचली. हे फोनवर बोलून मिटलं असतं, असं तू म्हणशील. पण फोनवर तू मोठ्यानं बोलतोस, मी गप्प होते, आणि नंतर दोन दिवस भाजी निवडताना मला काय काय बोलायचं होतं ते आठवत राहतं. कागदावर तुला मधे बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. चिडलास तरी शेवटपर्यंत वाच.

कागद छान जाड आहे. कै. पद्माबाई यांचे प्रथम वर्षश्राद्ध, रविवारी, हिंगोलीच्या मंगल कार्यालयात, भोजन साडेबारा. मी ती पत्रिका तीनदा उलटून पाहिली, मायचा फोटो कुठं सापडला नाही. आपल्याकडं वर्षश्राद्धाच्या पत्रिकेवर माणसाचा फोटो असतोच. बाच्या पत्रिकेवर होता, फेट्यातला. मायच्या जागी तू समईचं चित्र टाकलंस. शेजारच्या खतीजाबीला पत्रिका दिली. तिला आता नीट दिसत नाही. तिनं कागद डोळ्यापाशी नेला आणि म्हणाली, "सूरत कुठंय गं हिची?" मी सांगितलं, छापखान्यात राहून गेली.

राहून गेली नाही हे तुला माहीत आहे. गुंजनच्या होणाऱ्या सासरची माणसं येणार आहेत, आणि मायचा चेहरा पाहून कुणी काही विचारू नये, असं तुला वाटतं. आई आसामकडची होती, असं तू त्यांना सांगितलंस. गुंजननंच मला फोन केला. "आत्या, पप्पा म्हणतात आसाम सांग. सांगू का?" मी म्हटलं, तोंड तुझं आहे, तू ठरव. पण मला कुणी विचारलं तर मी व्हिएतनाम सांगणार. गुंजन, तुझे आजोबा फौजेत होते, तिकडच्या शस्त्रसंधीवर देखरेख करायला आपली माणसं गेली होती त्यात होते, आणि छावणीला भाजी घालणाऱ्या पोरीशी त्यांनी लग्न केलं, हे सांगणार. तिचं नाव सेन होतं. सेन म्हणजे कमळ, म्हणून इथं पद्मा झालं, हेही सांगणार. पोरगी म्हणाली, "आत्या, आजीचं ते आंबट कालवण तुला येतं का गं?"

येतं, पिंटू. मला सगळं येतं. पण ते मी कधी आणि कुणाला नाकारलं, ते तुला माहीत नाही. त्याआधी काही गोष्टी तुला आठवतात का ते पाहते.

पितळेची परात जमिनीवर मांडलेली. भाताचं पातेलं मायच्या गुडघ्याशी. परातीत आंबट कालवणाचा मोठा वाडगा, गाडग्यात शिजवलेली मरळ, पुदिन्याचा आणि कोथिंबिरीचा ढीग. साखर गाडग्यातच काळी होईस्तोवर जाळायची, मग त्यात मासा आणि भरपूर मिरे. तो वास आला की तू आंगणातून पळत यायचास. आंबट कालवणात चिंच, टमाटे, भेंडी, आळूचे देठ आणि सिद्धेश्वरच्या धरणाचा मासा. परमुलखाचं खाणं म्हणून लोक नाक मुरडायचे, आणि त्यातली चिंच बहुतेक वेळा त्यांच्याच झाडाची असायची. परकी गोष्ट एकच, माम. बारके मासे मिठात दाबून माळवदावर वर्षभर उन्हात ठेवलेली ती बरणी. उघडली की गल्लीतली कुत्री यायची. पण कालवणात चमचाभर पडलं की वास जायचा आणि चव राहायची.

सगळ्यांनी परातीभोवती एकदम बसायचं, बा, माय, मी, तू. गावात बायका मागून जेवायच्या, आपल्या घरात नाही. नानीबाई आत्या आली की तिला हे खपायचं नाही. "एका वाडग्यात चार हात? उष्टं-खरकटं काही हाय का न्हाई या घरात?" तेव्हा मायनं तिच्यासमोर आपल्या हातातल्या जेवायच्या काड्या उलट्या केल्या, जे टोक तोंडात गेलं नव्हतं त्यानं माशाचा गालाचा तुकडा उचलला आणि आत्याच्या ताटात ठेवला. म्हणाली, "उलटी काडी. उष्टं न्हाई." आत्यानं तो तुकडा खाल्ला. पुढच्या वेळी ती बरोबर जेवणाच्या वेळेला यायला लागली, आणि बा तिला चिडवायचा की अक्का, घड्याळ न्हाई पण नाक बराबर चालतंय.

आणि बोलावणं. ते तू विसरला असशील असं मला वाटत नाही. भात वाढला तरी कुणी हात लावायचा नाही. घरात जो सगळ्यात धाकटा, त्यानं वडीलधाऱ्यांना एकेकाचं नाव घेऊन जेवायला बोलवायचं. तू होईपर्यंत ते माझं काम होतं. तुला बोलता यायला लागलं तसं ते तुझ्याकडं आलं. मोय बा, म्हणजे बा, जेवायला ये. मोय मा. मोय ताई. आधी मायच्या आईला, जिला आपण कधी पाहिलं नाही, तिच्या नावाच्या रिकाम्या वाटीकडं बघून. तू पाच वर्षांचा असताना एकदा रुसलास. बानं तुला चिखलातून ओढून आणलं होतं, त्याचा राग. कोपऱ्यात तोंड फिरवून बसलास आणि बोलवेचनास. बा शेतातून उपाशी आलेला. तो म्हणाला, "मीच म्हणतो, चला, जेवा." मायनं त्याचा हात धरला. "धाकट्याचं काम हाय." कालवण निवलं, भाताला वरून पापडी आली. कुणी तुला रागावलं नाही, कुणी तुझी मनधरणीही केली नाही. आम्ही तिघं नुसते बसून राहिलो. शेवटी तू रडत रडत उठलास आणि सगळ्यांची नावं घेतलीस, खतीजाबीचंसुद्धा, ती तर तेव्हा तिच्या घरात होती. बा हसला. त्या दिवशी माशाचा गाल तुझ्या वाटीत पडला.

मग तू शाळेत गेलास. पोरं तुला चिनी म्हणायची, हे मला माहीत आहे, मलाही म्हणायची. अकराव्या वर्षी एक दिवस घरी आलास आणि सगळ्या काड्या चुलीत घातल्यास. मायनं पाहिलं. त्या संध्याकाळी ती हातानं जेवली. दुसऱ्या दिवशी बानं कळकाचा तुकडा आणून दारात बसून नव्या काड्या सोलल्या. चारच जोड्या सोलल्या, तुझी धरून. तुझी जोडी फडताळात अजून आहे. तू पुढं कधी तिला हात लावला नाहीस. मोठा झालास, हिंगोलीला गेलास, दिवाळीला बायको-पोरीला घेऊन यायचास, आणि माय तुमच्यासाठी पुरणपोळी करायची. चांगली करायची. पण तिला ती आवडत नव्हती रे. तुम्ही गेलात की बरणी काढायला माळवदावर चढायची.

तुला लाज वाटली म्हणून मी तुला बोल लावत नाही. माझी गोष्ट तुझ्याहून वाईट आहे.

लग्न होऊन मी हट्ट्याला गेले तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुझ्या मायचं ते काय काय तुला येतं का?" मी म्हटलं, न्हाई, काहीच न्हाई. तीस वर्षं मी तेच म्हणत राहिले. तुझे दाजी मात्र इथं जवळ्याला आले की मायच्या परातीला चिकटून बसायचे. त्यांना काड्या कधी जमल्या नाहीत. माशाचा तुकडा मांडीवर पडायचा आणि ते मायला म्हणायचे, "तुमची उलटी काडी आमच्या हातात सुलटी होईना." घरी परतताना सायकलवर मागं वळून विचारायचे, तू कधी करशील गं? मी म्हणायचे, लोक काय म्हणतील.

शेवटच्या दुखण्यात त्यांना अन्न जात नव्हतं. एक दिवस सकाळी जरा बरं वाटलं तर म्हणाले, "आज ते आंबट कालवण दे." घरात सासू होती, नणंदा आलेल्या होत्या. चिंच घरात होती, आळू परसात होतं. मी मुगाची खिचडी केली. त्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, बरी झाली. पुढं नऊ दिवसांनी ते गेले. डॉक्टर म्हणाले, कशानंही वाचले नसते. ते खरं असेल. पण त्यांनी एक वाटी मागितली होती, आणि ती करायला मला येत होती.

तेराव्यानंतर मला स्वयंपाकघराच्या दाराशी वेगळं ताट मिळायला लागलं, सगळ्यांचं झाल्यावर. माय मला भेटायला आली, तिनं ते पाहिलं. तिला आधी कळेना. मग सासूला विचारलं, "काहून? नवरा मेला, पोट न्हाई मेलं हिचं." सत्तरी ओलांडलेली बाई, पण माझी पिशवी तिनं स्वतः उचलली आणि मला जवळ्याला आणलं. त्या रात्री तिनं भाताची पातळ पेज केली, वर आलं आणि माशाचा कीस. परात मांडली. आम्ही दोघीच. मला भूक नव्हती. ती बसून राहिली, पेजेला हात न लावता. मग मला कळलं, घरात धाकटी आता मीच. पिंटू, पन्नाशीच्या बाईनं कुंकू पुसलेल्या कपाळानं म्हटलं, मोय मा. तेव्हा ती जेवली, आणि मीही जेवले.

पुढं पाच वर्षं आम्ही दोघी रोज तशाच जेवलो. मला लेकरू नाही, सातवीत शाळा सुटलेली. दुपारी वाचनालयातून पुस्तकं आणायची आणि वाचायची, एवढाच माझा उद्योग. एकदा नकाशाचं मोठं पुस्तक मिळालं. तिच्या नदीचे फाटे मी तिला दाखवले. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि बोट उचललंच नाही. म्हणाली, "हितं पानी, हितं आमची होडी, हितं माझी माय चूल पेटवून राहिली." तिकडून निघाल्यावर तिला आईची कधी खबर लागली नाही. मेल्याची तिथी माहीत नाही, म्हणून ज्या दिवशी निघाली तोच दिवस तिनं धरला होता. त्या दिवशी आईच्या आवडीचं सगळं करायचं, वाटी मांडायची, माणसं बोलवायची. तिकडं असंच करतात. आपल्याकडंही दुसरं काय करतात.

आता तुझ्या निरोपाचं. "रविवारी जेवणानंतर पाहुणे गावातलं घर बघायला येतील, ती बरणी फेक, आणि घरात वास येईल असं काही करू नको." बरणी मी फेकणार नाही. ती मायनं भरलेली शेवटची बरणी आहे, आणि या महिन्यात तिला वर्ष पूर्ण होतं. पाहुण्यांना येऊ दे. माळवदावर नेऊन दाखवीन. त्यांना वास आला तर सांगीन कशाचा आहे. एवढ्यानं मोडणारी सोयरीक असेल तर ती गुंजनच्या लग्नानंतर मोडण्यापेक्षा आधी मोडलेली बरी. तू याला माझा हेका म्हणशील. म्हण. लोक काय म्हणतील ते मी तीस वर्षं ऐकलं, त्यातल्या एकानंही मला दारातल्या ताटावरून उठवलं नाही.

रविवारी मी हिंगोलीला येणार नाही. ज्या बाईचं श्राद्ध तू घालतो आहेस, ती आसामची, बिनचेहऱ्याची, तिची माझी ओळख नाही. भटजीचं, पिंडाचं तुझं तू नीट कर, त्याला माझी ना नाही.

मायची खरी तिथी मंगळवारी आहे. सोईसाठी तू ती रविवारवर आणलीस, पंचांगात ती मंगळवारीच आहे. त्या दिवशी मी इथं परात मांडणार आहे. मरळ सांगून ठेवली आहे. खतीजाबी येईल. मायच्या नावाची वाटी असेल, बाची असेल, तुझ्या दाजींची असेल, आणि त्यांच्या वाटीत मी आंबट कालवण वाढणार आहे, सहा वर्षं उशिरा. एकच अडचण आहे, आणि पत्र त्यासाठीच लिहिलं. त्या परातीभोवती आता बोलवणारं कुणी नाही. घरात आम्ही दोघीच होतो तेव्हा मी बोलावलं, ती नाइलाजाची गोष्ट. आता सगळ्यांना बोलवायचं आहे, गेलेल्यांनासुद्धा, आणि ते काम तू जन्मलास तेव्हापासून माझं नाही. मी ते करणार नाही, आणि तुझी मनधरणीही करणार नाही. बारा वाजता भात वाढीन आणि बसून राहीन. गुंजनला आणलंस तर तिला शिकव, म्हणजे पुढं ते तिच्याकडं जाईल. कालवण निवलं तर निवू दे, भाताला पापडी आली तर येऊ दे. काड्या फडताळातून काढून धुऊन ठेवल्या आहेत.

वाट बघणारी तुझीच,
गंगूताई